माळ्यावरची तीन रिळं आणि कोणालाच आठवत नसलेला मिशीवाला

तुझा प्रश्न दोनदा वाचला. नौपाड्यातली आजोबांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, माळा रिकामा करताना तीन चपटे पत्र्याचे डबे निघाले, आत काळीपांढरी फिल्म, दोन्ही कडांना भोकं असलेली, एका डब्यावर नुसतं 'कॉमेडी' लिहिलंय आणि एकाला आंबूस वास येतोय. भंगारवाला किलोवर मागतोय, आणि ओळखीतल्या एकाने फोटो बघताबघता "मला दे, मी घेतो" म्हटलं म्हणून तू चक्रावलीस. चॅप्लिन असता तर समजलं असतं, पण फ्रेममधला मिशीवाला माणूस कोणालाच ओळखता येत नाहीये, मग असल्या फिल्मसाठी कोणी पैसे का मोजेल, ह्या जुन्या फिल्म जमवणाऱ्या लोकांना त्यात नक्की काय दिसतं, असं तू विचारलंयस.

आधी कामाचं सांगतो, बाकी नंतर. भंगारात देऊ नकोस. त्या ओळखीच्या माणसालाही आत्ता देऊ नकोस, भले तो चांगला असेल. वास येणारा डबा आजच्या आज बाकी दोघांपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेव. आणि कोणाकडे जुना प्रोजेक्टर असेल तर हौसेने लावून बघू नका, का ते पुढे सांगतो.

मी ठाण्यात १९७९ पासून सोळा एमएमचे (म्हणजे सोळा मिलिमीटर रुंद फिल्मचे) प्रोजेक्टर चालवले, गणपतीत पडद्यावरचे सिनेमे असायचे ना ते. रस्त्याच्या मधोमध बांबूला पडदा, अर्धी माणसं ह्या बाजूला अर्धी त्या बाजूला, उलट बाजूवाल्यांना हिरो डावखुरा दिसायचा पण कोणाची तक्रार नसायची. एकच पिक्चर दोन मंडळांनी वाटून घेतलेला असायचा, पहिलं रीळ आमच्याकडे संपलं की मुलगा सायकलवर टाकून दुसऱ्या मंडळाला नेणार, तिथलं पुढचं आमच्याकडे आणणार. एका वर्षी घंटाळीच्या बाजूला तो मुलगा पाऊण तास आलाच नाही, सायकल पंक्चर झाली होती आणि पावसाची सर पण आली होती. समोर तीनशे माणसं बसलेली. माझ्या पेटीत भाड्याच्या पिक्चरबरोबर आलेलं एक छोटं रीळ होतं, नाव कधी वाचलं नव्हतं, मूकपट आहे एवढंच माहीत. ते लावलं.

त्यात एक नवरा असतो, दात भयंकर पुढे आलेले. बायकोचं नाक एवढं मोठं. दोघंही एकमेकांना न सांगता गुपचूप डॉक्टरकडे जाऊन दात आणि नाक ठीक करून घेतात, रस्त्यात समोरासमोर येतात, एकमेकांना ओळखत नाहीत आणि एकमेकांवरच लाइन मारायला लागतात. झालं, दोघांच्याही मनात चोर, आपण लग्नाच्या जोडीदाराला फसवतोय म्हणून. शेवटी नवऱ्याला आधी कळतं आणि तो बायकोला धडा शिकवायला स्वतःच स्वतःशी मारामारी करतो, एका दारातून दातवाला नवरा बनून येतो, दुसऱ्या दारातून देखणा प्रियकर बनून येतो. मधे येणाऱ्या संवादाच्या पाट्या इंग्लिशमधे, तर शेजारच्या चाळीतले एक मास्तर उठून उभे राहिले आणि मोठ्याने मराठीत सांगायला लागले, पदरचं पण घालत होते थोडं. मूकपटांच्या काळात आपल्याकडे थेटरात असा सांगणारा माणूस असायचाच, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मास्तरांना पण माहीत नसावं. लोक असे हसले की सायकलवाला मुलगा पोचल्यावर दोन-चार जणांनी ओरडून सांगितलं, थांब, हे संपू दे.

त्या माणसाचं नाव मला सहा वर्षांनी कळलं. चार्ली चेज, फिल्मचं नाव 'मायटी लाइक अ मूस', १९२६, हॅल रोच स्टुडिओची, दिग्दर्शक लिओ मॅकरी, ज्याला पुढे बोलपटात दिग्दर्शनाचं ऑस्कर दोनदा मिळालं. चेजचं खरं नाव चार्ल्स पॅरट, १९४० मधे गेला. त्याच स्टुडिओतल्या लॉरेल-हार्डीला आपल्याकडे शेंबडं पोरही ओळखतं, आणि ह्याला कोणी नाही.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या रात्रीतच आहे. चॅप्लिनची फिल्म लागली की हसू यायच्या आधीच आपल्याला माहीत असतं की हा थोर माणूस आहे, इथे हसायचं, इथे डोळ्यात पाणी आणायचं, सगळं आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं. मी चॅप्लिनचा भक्त आहे, गैरसमज नको. पण चेजच्या वेळी त्या तीनशे जणांना कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. नाव नाही, कीर्ती नाही, आवाज नाही, भाषा परकी, फिल्म जुनी, आणि तरी हसू आलं, म्हणजे ते हसू शंभर टक्के त्यांचं स्वतःचं होतं. संग्राहकाला नेमका ह्याचा नाद लागतो. डबा उघडायचा, आत काय आहे माहीत नाही, अंधार करायचा, आणि नव्वद-शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी खपून केलेला विनोद आज लागू पडतो की नाही ते स्वतः बघायचं. बऱ्याच वेळा पडत नाही, तेही खरं सांगतो, शंभरातल्या साठेक फिल्म्स नुसती पळापळ आणि पडापडी असतात. पण उरलेल्या चाळीससाठी माणूस आयुष्यभर डबे उघडत बसतो.

आता ह्यातले थोडे लोक तुला भेटवतो, कारण 'विसरलेले विनोदवीर' असं नुसतं म्हटलं की वाटतं दुय्यम असतील, उरलेसुरले असतील. तसं नाहीये.

मॅक्स डेव्हिडसन घे. ठेंगणा, दाढीवाला, बर्लिनमधे जन्मलेला ज्यू नट, त्या काळच्या ज्यू बापाच्या ठरीव साच्यातल्या भूमिका करायचा, आणि तो साचा आज थोडा खटकतो हे मान्य. पण त्याची १९२८ ची 'पास द ग्रेव्ही' बघ. शेजाऱ्याचा बक्षीस मिळवलेला कोंबडा, शेजाऱ्याचा जीव की प्राण. मॅक्सच्या पोराला कोंबडी आणायला पैसे देतात, पोरगा पैसे खिशात टाकतो आणि शेजाऱ्याचाच कोंबडा कापून आणतो. जेवायला पाहुणा कोण, तर तोच शेजारी. ताटातल्या तंगडीला 'पहिलं बक्षीस'चा बिल्ला तसाच लटकतोय. टेबलावर बाकीच्यांना कळलंय, मॅक्सला कळत नाहीये, आणि शेजाऱ्याला कळू न देता मॅक्सला खाणाखुणा करून सांगायचंय. जवळजवळ सगळी फिल्म त्या एका जेवणात. मी ही घरी दाखवली तेव्हा आमच्या मावशी, ज्यांनी जन्मात मूकपट बघितला नव्हता, त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. ह्यात भाषांतर करायला काही नाहीच, शेजारी, कोंबडा, पाहुणा आणि घराची इज्जत, चारही गोष्टी आपल्याकडे आहेत. अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपायच्या फिल्म्सच्या राष्ट्रीय यादीत, १९९८ साली तिचा समावेश झाला, पण डेव्हिडसनचं नाव अजूनही दहा सिनेमावेड्यांतल्या एखाद्यालाच माहीत असतं.

मग रेमंड ग्रिफिथ. हा माझा सगळ्यात लाडका, त्याच्यावर लिहायला लागलो तर थांबणार नाही म्हणून थोडक्यात. रेशमी टोपी, तोऱ्यात चालणं, आणि जगबुडी झाली तरी चेहऱ्यावर "बघू काय करता येतं ते" एवढाच भाव. बाकीचे विनोदवीर संकटातून पळतात, हा संकटाशी शांतपणे वाटाघाटी करतो. 'हँड्स अप!' मधे (१९२६) तो अमेरिकन यादवी युद्धातला गुप्तहेर आहे, दोन बहिणी एकाच वेळी त्याच्या प्रेमात, दोघींना दुखवायचं नाही, तर शेवटी तो दोघींशी लग्न करून बहुपत्नीत्व चालणाऱ्या मॉर्मन लोकांच्या वाटेला लागतो, तेही इतक्या सभ्यपणे की राग येत नाही. ह्या माणसाचा आवाज बसलेला होता, घोगरं कुजबुजल्यासारखं बोलता यायचं फक्त. बोलपट आले आणि नट म्हणून तो संपला. त्याची शेवटची भूमिका १९३० च्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' मधली, खंदकात मरणारा फ्रेंच सैनिक, एक शब्द न बोलणारा. तो प्रसंग लाखो लोकांनी पाहिलाय, पण हा काही वर्षांपूर्वीचा पहिल्या दर्जाचा विनोदवीर आहे हे त्यातल्या कितीजणांना कळलं असेल. आणि त्याची 'पाथ्स टू पॅरडाइज' (१९२५) शिल्लक आहे पण शेवटचं रीळ गेलंय. एक जबरदस्त पाठलाग रंगात येतो, आणि फिल्म संपते, म्हणजे मिळालेली तेवढी संपते. मी चार वेळा बघितलीये आणि चारही वेळा शेवटाला मनात तीच आशा, कोणाच्या तरी माळ्यावर ते रीळ असेल.

चार्ली बॉवर्सची तर गोष्टच निराळी. हा जिवंत नट आणि एकेक फ्रेम हलवून केलेली बाहुल्यांची हालचाल एकाच चित्रात मिसळायचा, १९२६ मधे, आणि आजही प्रश्न पडतो की केलं कसं. 'एग्ड ऑन' मधे तो न फुटणारी अंडी करायचं यंत्र बनवतो, आणि मोटारीच्या बॉनेटखाली ठेवलेली अंडी इंजिनच्या उबेने उबतात आणि त्यातून छोट्या छोट्या फोर्ड गाड्या बाहेर पडतात, पिल्लांसारख्या. हा माणूस १९४६ मधे वारला तोपर्यंत पूर्ण विसरला गेला होता. पुढे १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या टुलूझच्या सिनेमातेकच्या, म्हणजे तिथल्या फिल्म संग्रहालयाच्या, रेमों बोर्द ह्यांना काही डबे मिळाले, वर नाव 'ब्रिकोलो', फ्रान्समधे त्याला त्या नावाने दाखवायचे. हा ब्रिकोलो कोण हेच आधी कोणाला माहीत नव्हतं, चेहऱ्यावरून आणि कागदपत्रांतून शोधत बॉवर्सपर्यंत पोचावं लागलं. डब्यावरचं एक चुकीचं वाटणारं नाव कोणी टाकून दिलं नाही म्हणून अख्खा कलाकार परत मिळाला. तुझ्या डब्यांत कागदाची चिठ्ठी, फाटकं लेबल, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, काहीही असेल तर फेकू नकोस हे ह्याचसाठी सांगतोय.

आता मोठी गोष्ट, जी बाहेरच्यांना माहीत नसते. ह्या फिल्म्स बनल्या नायट्रेटच्या पट्टीवर. नायट्रेट म्हणजे दिसायला अप्रतिम पण एकदा पेटली की पाण्यातसुद्धा जळत राहते, आणि नाही पेटली तरी काळाने चिकट होऊन शेवटी भुकटी होते. त्यात बोलपट आल्यावर मूकपटाला बाजारात किंमत राहिली नाही, स्टुडिओंनी कितीतरी प्रिंट वितळवून त्यातली चांदी काढून घेतली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मधे अभ्यास प्रसिद्ध केला, १९१२ ते १९२९ मधल्या जवळपास ११ हजार अमेरिकन मूक फीचर फिल्म्सपैकी मूळ स्वरूपात पूर्ण शिल्लक आहेत फक्त १४ टक्के. आणि हा हिशोब मोठ्या फिल्म्सचा, एक-दोन रिळांच्या विनोदी फिल्म्स ह्यात धरलेल्याच नाहीत, त्यांना तर तेव्हाही कोणी गंभीरपणे घेत नव्हतं, मुख्य पिक्चरच्या आधीचा टाइमपास.

मग उरलं ते कसं उरलं? घरगुती प्रिंटमुळे. फ्रेंच पाथे कंपनीने १९२२ मधे साडेनऊ एमएमची घरगुती फिल्म काढली, तिला भोक कडेला नाही, मधोमध. कोडॅकने १९२३ मधे सोळा एमएम आणलं, न पेटणाऱ्या बेसवर (म्हणजे चित्र ज्यावर असतं त्या पारदर्शक पट्टीवर), आणि मग कोडास्कोप नावाची लायब्ररी काढून लोकांना घरी बघायला प्रिंट भाड्याने द्यायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे पैसे आणि हौस होती त्यांनी प्रोजेक्टर घेतले, पोरांच्या वाढदिवसाला विनोदी फिल्म लावली. मूळ नायट्रेट गेलं, पण वाढदिवसाची प्रिंट कपाटात राहिली. आज कित्येक फिल्म्स जगात फक्त ह्या छोट्या प्रिंटमुळे आहेत, कधी कापलेल्या, कधी नाव बदललेल्या, पण आहेत. पुढे आयोवातल्या ब्लॅकहॉक फिल्म्ससारख्या कंपन्यांनी आठ आणि सोळा एमएमच्या प्रती विकल्या, त्यांचेही मोठे उपकार.

म्हणून नवीन शोध कुठे लागतात बघ. लॉरेल-हार्डीची १९२७ ची 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी', ज्यात तीन हजार क्रीमचे 'पाय' (केकसारखा पदार्थ) एकमेकांच्या तोंडावर फेकले असं म्हणतात, तिचं दुसरं रीळ पूर्ण रूपात कित्येक दशकं कोणीच पाहिलं नव्हतं, १९५७ च्या एका संकलनात घेतलेले तुकडे तेवढे होते. २०१५ मधे अख्खं रीळ मिळालं, खासगी संग्रहात. पहिल्या रिळातला एक छोटा प्रसंग अजून गायब आहे. त्यांचीच 'हॅट्स ऑफ' (१९२७), जिन्यावरून वॉशिंग मशीन चढवायची, जिची कल्पना पुढे ऑस्कर मिळालेल्या 'द म्युझिक बॉक्स' मधे पियानो घेऊन परत केली, तिची एकही प्रत आज माहीत नाही. बस्टर कीटनच्या १९२२ च्या 'द ब्लॅकस्मिथ' ची वेगळीच आवृत्ती २०१३ मधे अर्जेंटिनात उजेडात आली, तोपर्यंत सगळे समजत होते की ही फिल्म आपल्याला पाठ आहे.

आणि तुझ्या "चॅप्लिन असता तर" ला उत्तर म्हणून हे ऐक. २००९ मधे अमेरिकेत मिशिगनला जुन्या वस्तूंच्या विक्रीत एका संग्राहकाने एक डबा घेतला, वर 'कीस्टोन' ह्या जुन्या विनोदी स्टुडिओचं नाव एवढंच, त्याला वाटलं नेहमीची कीस्टोन कॉमेडी असेल, बरेच दिवस तसाच ठेवला. लावून बघितला तर १९१४ ची 'अ थीफ कॅचर', मुख्य नट फोर्ड स्टर्लिंग, आणि मधेच दोन-तीन मिनिटं पोलिसाच्या वेषात चक्क चॅप्लिन! ह्या फिल्ममधे तो आहे हेच जगाच्या यादीत नव्हतं. त्या माणसाने "स्टर्लिंगला कोण ओळखतं" म्हणून डबा टाकून दिला असता तर?

आपल्याकडची परिस्थिती ह्याहून वाईट. भारतात मूकपट हजाराहून जास्त बनले, हाताला लागतात ते मोजके. फाळक्यांनी 'पिठाचे पंजे' नावाचा छोटा विनोदी पट केला होता हे कितीजणांना माहीत असतं, सगळ्यांना 'राजा हरिश्चंद्र' माहीत. बंगालीत 'जमाईबाबू' म्हणून १९३१ ची मूक कॉमेडी आहे, गावाकडचा जावई कलकत्त्यात येऊन गोंधळ घालतो, ती बरीचशी शिल्लक आहे, आणि तिच्यात शहराचे रस्ते, ट्राम, गर्दी असं काही दिसतं की विनोद बाजूला राहतो आणि माणूस नुसता शहर बघत बसतो. हाही ह्या फिल्म्सचा एक मोठा ओढा आहे. विनोदी फिल्म्स स्वस्तात, खऱ्या रस्त्यावर शूट व्हायच्या, मागची दुकानं, पाट्या, बायकांच्या पिशव्या, सगळं नकळत आलेलं.

एक माझा अनुभव. चोर बाजारात शुक्रवारी जायचो मी, ठाण्याहून लोकल, सँडहर्स्ट रोडला उतरून चालत. १९९४ च्या आसपास एक आठशे फुटी रीळ मिळालं, सुरुवातीची पाटी तुटलेली, नाव नाही. त्यात खाली झुकलेल्या जाड मिशीचा एक माणूस. मी सात महिने त्याला बिली बेव्हन समजत होतो. तसाच मिशाळ आणखी एक जण आहे, स्नब पोलार्ड, आणि गंमत म्हणजे दोघंही ऑस्ट्रेलियन, दोघंही त्याच काळातले, फरक एवढा की बेव्हन मॅक सेनेटच्या स्टुडिओत आणि पोलार्ड हॅल रोचकडे. शेवटी उलगडा मिशीवरून नाही झाला, मोटारीवरून झाला. माझ्या रिळात तो माणूस बंदुकीच्या गोळीसारख्या छोट्याशा गाडीत बसून हातात मोठं लोहचुंबक धरतो आणि पुढच्या गाडीला चिकटून फुकट जातो. ती 'इट्स अ गिफ्ट', १९२३, पोलार्डची सगळ्यात नावाजलेली फिल्म, जाणकाराने एका मिनिटात सांगितली असती. पण त्या सात महिन्यांत मी जे शिकलो ते कुठल्या पुस्तकातून शिकलो नसतो, कुठल्या स्टुडिओचा रस्ता कसा दिसतो, पाटीची नक्षी कोणाची, कुठला जाडा सहनट कोणाकडे पगारावर होता. आणि नंतर कळलं की १९५२ च्या 'सिंगिन इन द रेन' मधे जीन केली नाच संपवून ज्या वाटसरूला आपली छत्री देऊन टाकतो तो म्हातारा वाटसरू म्हणजे हाच पोलार्ड. त्या दिवसापासून तो सीन मला पूर्वीसारखा बघता येत नाही.

आता तुझ्या डब्यांकडे येऊ. दोन्ही कडांना भोकं म्हणजे सोळा एमएम असेल तर मूक प्रिंट, कारण आवाजाच्या प्रिंटला एका बाजूची भोकं नसतात, तिथे साउंड ट्रॅक असतो. रुंदी पट्टीने मोज, सोळा मिलिमीटर भरली तर काळजी कमी, सोळा एमएम पहिल्यापासून न पेटणाऱ्या बेसवरच आलं. पण पस्तीस भरली आणि जुनी असेल तर हात लावू नकोस, नायट्रेट असू शकतं, थंड जागी ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला किंवा मुंबईतल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला आधी विचार.

आंबूस वास म्हणजे व्हिनेगर सिंड्रोम. ॲसिटेटचा (तोच न पेटणारा) बेस कुजतो आणि ॲसेटिक ॲसिड सुटतं, त्याची वाफ शेजारच्या चांगल्या रिळालाही लावते, म्हणून वेगळं ठेव म्हटलं. हे परत बरं होत नाही, फक्त हळू करता येतं. ठाण्या-नेरुळच्या दमट हवेत, त्यात पत्र्याखालचा तापलेला माळा, म्हणजे फिल्मला सगळ्यात वाईट जागा. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर, डबे आडवे ठेव, झाकण घट्ट दाबून बंद करू नकोस, हवा खेळू दे. तो वासवाला डबा सगळ्यात आधी स्कॅन करायचा, बाकीचे थांबू शकतात.

प्रोजेक्टरवर का नाही, तर जुनी फिल्म आकसते. भोकांमधलं अंतर कमी होतं आणि प्रोजेक्टरचे दात एकेक भोक फाडत जातात. घरी बघायची साधी युक्ती, शंभर फ्रेम मोज आणि स्टीलच्या टेपने लांबी बघ. सोळा एमएमच्या शंभर फ्रेम ७६.२ सेंटिमीटर भरल्या पाहिजेत. साडेपंचाहत्तरच्या खाली आल्या तर एक टक्का आकसलीये, ती कुठल्याही दातेरी मशीनवर जाता कामा नये. हे मी पैसे आणि दुःख मोजून शिकलोय. एका लॅबला, नाव घेत नाही, साडेनऊ एमएमचं रीळ व्हिडिओ टेपवर उतरवायला दिलं होतं, त्यांनी न मोजता मशीनवर चढवलं, आणि मला जे परत मिळालं त्यात मधलं प्रत्येक भोक फाटून चित्रात घुसलेलं होतं. त्यातला नट कोण होता हे शोधायचं राहिलंच. आता दात नसलेले स्कॅनर आहेत, फिल्म रोलरवरून जाते, आकसलेलीही चालते, देताना हे स्पष्ट विचारून घे.

वय ओळखायला कडेला बारीक खुणा बघ, भिंगाने. कोडॅकची फिल्म असेल तर कडेला गोल, चौकोन, त्रिकोण असे आकार छापलेले असतात आणि ते वीस वर्षांनी परत येतात, गोल म्हणजे १९१६, १९३६, १९५६ किंवा १९७६, चौकोन म्हणजे १९१७, ३७, ५७, ७७, त्रिकोण १९१८, ३८, ५८, ७८. सोळा एमएम १९२३ च्या आधी नव्हतंच, त्यामुळे सोळा एमएम असेल तर पहिलं साल बाद. हे कच्च्या फिल्मचं साल, पिक्चरचं नाही, आणि निगेटिव्हवरची खूण प्रिंटमधे उतरून पण गोंधळ होतो, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नकोस. फिल्म मधासारख्या पिवळट रंगाची दिसली तर मला लगेच कळव, कोडास्कोपच्या कित्येक प्रिंट तशा रंगाच्या असायच्या.

ओरखडे दिसले तर नखाने हलकेच बघ. पृष्ठभागावर लागतात ते ह्या प्रिंटचे, आणि चित्रात दिसतात पण हाताला फिल्म गुळगुळीत लागते ते आधीच्या प्रतीवरून छापून आलेले, म्हणजे ही कॉपीची कॉपी आहे.

पैशाचं विचारलंस म्हणून. चॅप्लिनच्या म्युच्युअल कंपनीसाठी केलेल्या बारा फिल्म्स, १९१६-१७ च्या, जगभर इतक्या छापल्या गेल्या की त्यांच्या साध्या प्रतीला संग्राहक फारसा हात लावत नाहीत. नाव माहीत नसलेला मिशीवाला मात्र एकमेव असू शकतो. हे तुझ्या ओळखीच्या माणसाला माहीत असणार. म्हणून आधी ओळख, मग स्कॅन, मग विकायचं की ठेवायचं ते ठरव, आणि विकलंस तरी स्कॅनची एक प्रत तुझ्याकडे ठेवायची अट घाल. अमेरिकेत १९२९ पर्यंत प्रदर्शित झालेल्या फिल्म्स कॉपीराइटमधून मोकळ्या आहेत, भारतात मुदत प्रदर्शनापासून साठ वर्षांची, त्यामुळे लोकांना दाखवायला तुला कोणाची आडकाठी नसावी.

आणि दाखवशील तेव्हा वेग नीट ठेव. मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर व्हायचे, सेकंदाला सोळा, अठरा, वीस, बावीस, जसा प्रसंग तसा. चोवीसने सगळं पळवलं की माणसं मुंगळ्यासारखी दिसतात आणि लोकांना वाटतं मूकपट असाच असतो. विनोदी फिल्मवाले मुद्दाम कॅमेरा हळू फिरवून थोडा वेग वाढवायचे, पण थोडाच, आणि तो थोडा किती हे ज्याला कळलं त्याला चेजचा चेहरा वाचता येतो. आमच्याकडे उथळसरला एक गृहस्थ येतात पेटी वाजवायला, ते आधी एकदा नुसती फिल्म बघतात, मग म्हणतात जरा हळू करा, माणूस विचार करतोय इथे.

एखाद्या रविवारी घेऊन ये, नेरुळहून ठाणे लोकल थेट आहे, डबे मांडीवर आडवे धर, पिशवीत उभे नको. माझ्याकडे हाताने फिरवायचा छोटा व्ह्यूअर आहे, त्यात दात लागत नाहीत, एकेक फ्रेम बघता येते. मिशी खाली वळलेली आहे की वर, ते आधी फोटोत नीट बघून ठेव. आईला जमलं तर तिलाही आण, तिला लहानपणीचं काही आठवत असेल. आणि बिल्डिंग पाडायच्या आधी एकदा नौपाड्याला जाऊन पुढच्या खोलीत बघ, समोरच्या भिंतीला, माणसाच्या उंचीच्या वर, एका रेषेत पाच-सहा फुटांवर दोन खिळे आहेत का. चादर तिथेच लावत असणार आजोबा.